उजव्या मनगटावरची खूण

३ फेब्रुवारी

वन्सं,

अक्षर बघून घाबरू नका, मीच लिहितेय. डाव्या हातानं. तुमच्या पहिलीतल्या पोरांचं याहून बरं असेल. लेक म्हणाली, तू सांग, मी लिहून देते. पण काही गोष्टी लेकीला तोंडानं सांगवत नाहीत, आणि फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी माझं गाऱ्हाणं सांगत होते आणि तुम्ही मध्येच ‘बरं झालं, बरं झालं’ म्हणून फोन ठेवलात.

दवाखान्याविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात दाखल झाली. वकीलबाईंनी सगळं ओळीनं लिहिलंय. वाचताना वाटलं, ही कुणी दुसरीच बाई. ‘तक्रारदार विधवा, व्यवसाय शिवणकाम. दोन्ही हातांना मुंग्या येत. तपासणीअंती आधी डाव्या मनगटाची शस्त्रक्रिया ठरली, जेणेकरून उजव्या हाताने कातरकाम चालू राहावे. प्रत्यक्षात उजवे मनगट उघडण्यात आले व त्यात अंगठ्याकडे जाणारी नस कापली गेली.’ अशी दोन पानं. खाली मी सही केली, ती सही कसली, गांडुळाची वाट.

‘नुकसानभरपाई’ हा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही, वन्सं. वकीलबाईंनी सरळ विचारलं, ‘अंगठ्याचे किती मागायचे?’ मी म्हटलं, ‘तुम्हीच ठरवा काय ते.’ त्या म्हणाल्या, ‘अहो, अंगठा तुमचा आहे.’ मी खाली बघत बसले. आयुष्यभर गिऱ्हाइकानं घासाघीस केली तरी मी हसून सोडून दिलंय. तुमचे भाऊ म्हणायचे ना, ही बारकी दुकान चालवते की दानधर्म? आणि आता मी माझ्या हाताचा भाव सांगत बसलेय.

दवाखान्याचं उत्तर यायचं आहे. त्याआधी एक कागद हवाय. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मोठे डॉक्टर आले, जाड काळ्या पेनानं माझ्या डाव्या मनगटावर बाण काढला. तेव्हा तुम्ही शेजारी खुर्चीवर होतात. एवढंच लिहून सही करायची आहे. बाकी काही नको. सकाळचं काही लिहायची गरज नाही.

तुम्ही त्या आठवड्यात सगळी कामं टाकून माझ्यापाशी आलात, ते मी विसरले नाही.

तुमची,
बारकी


१९ फेब्रुवारी

बारके,

पत्र मिळालं. अक्षर वाईट नाही. ‘र’ची शेपटी खाली ओढू नकोस आणि ओळ वर चढू देऊ नकोस. रोज एक पान लिही, पण मुंग्या आल्या की थांब. तो डावाही काही धड नाही, त्याचंच तर ऑपरेशन व्हायचं होतं.

आता तुझ्या कागदाचं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं आमचे बाबा म्हणायचे, आणि ते स्वतः कोर्टात कारकून होते, म्हणजे त्यांना ठाऊक असणार. तिथं माणसाची चिरफाड होते. दवाखान्यात निदान भूल देऊन करतात. तुला चार लोकांपुढं उभं करून उलटसुलट विचारतील. तुला साधं वाण्याशी भांडता येत नाही.

मी खुर्चीवर होते खरी. पण माझं लक्ष त्या कपाटाखालच्या जळमटाकडे होतं. इतका मोठा दवाखाना आणि कपाटाखाली हात घालावा तर बोटाला काळं. बाण का काय ते मला नीट आठवत नाही. आठवत नसताना सही कशी करू? तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं.

त्यापेक्षा असं कर. कातरकामाला एक बाई ठेव. तिचा पगार मी पाठवत जाईन. पेन्शनीत मला एकटीला लागतं किती? यात नाही म्हणू नकोस. तक्रार मागं घेता येत असेल तर विचार. डॉक्टरही माणूसच. चूक कुणाच्या हातून होत नाही?

पोरीला म्हणावं, फार ताणू नकोस.

— वन्सं


८ मार्च

वन्सं,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग ओव्हरलॉकच्या मशीनखाली ठेवून दिलं, लेकीच्या हाती नको म्हणून.

तुम्हाला मी हावरी वाटले असेन. तुमचं चुकत नाही. समोरच्या पार्लरवालीनंही परवा तेच ऐकवलं. ‘काय मग, लॉटरी लागणार म्हणे तुम्हाला! आम्हालापण कुणीतरी कापा रे.’ तिच्या खुर्चीवर बसलेल्या दोघी हसल्या, मीही हसले. घरी येऊन तोंड धुतलं.

पण वन्सं, बाई ठेवून भागत नाही. कापड समोर पसरलं की कात्री कुठून सुरू करायची हे माझ्या अंगठ्याला कळायचं, मला नाही. आता तो अंगठा हाताला नुसता लटकून असतो. कपाची दांडी धरत नाही, कुलपात किल्ली फिरवत नाही. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर परत केली. मुख्याध्यापक चांगले, म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी काय बघणार?

दवाखान्याचं उत्तर आलं. त्यांचं म्हणणं, शस्त्रक्रियेची खूण उजव्याच मनगटावर होती, त्याचा फोटो फाइलला आहे. आणि टेबलावर घेतल्यावर डॉक्टरांनी ‘हाच ना?’ असं विचारलं, तेव्हा पेशंटनं मान हलवली. आपल्या तक्रारीत तर स्वच्छ लिहिलंय, ‘मला कुणी काहीही विचारलं नाही.’ वकीलबाई म्हणाल्या, ‘खोटं बोलतायत, सगळे असंच बोलतात.’ मी ते उत्तर घडी घालून त्यांच्याकडे परत सरकवलं.

त्यांनी मला विचारलं, ‘ही उजव्या हातावरची खूण कुणी केली?’ मी म्हटलं, ‘गोळीच्या गुंगीत होते, आठवत नाही.’ आपल्याला दोघींनाही आठवत नाही म्हणजे जुळलं.

पगाराचं मनावर घेऊ नका. तुमच्या पेन्शनीला हात लावायची वेळ अजून आली नाही. कागदाचं परत विचारणार नाही.

बारकी


२ मे

आत्या,

आईला न सांगता लिहितेय. दोन महिने तुझं पत्र नाही. आई रोज पोस्टमन येऊन गेला की दाराशी जाते आणि ‘वीजबिल बघत होते’ म्हणते. वीजबिल मी मोबाइलवर भरते, तिला माहीत आहे.

काल तिनं माझ्या मागं डाव्या हातानं कापड कापायचा प्रयत्न केला. एका बाईंचं महागाचं कापड, पडद्याचं. मधोमध तिरकं गेलं. मी ऑफिसातून आले तर ती कापडाची दोन्ही टोकं जुळवून जमिनीवर बसली होती. त्या बाईंना मी काय सांगायचं ते ठरवतेय, आणि आई म्हणते, ‘त्यांना सांग, मी आंधळी झाले.’ आई कधी असं बोलत नाही, आत्या.

तुझा तिच्यावर काही राग आहे का? असेल तर नंतर काढ. जूनच्या बारा तारखेला सुनावणी आहे.

वकीलबाईंनी फाइलमधला फोटो मिळवला. आईच्या उजव्या मनगटावर लाल शाईची खूण आहे, वहीत करतात तशी, ‘बरोबर’ची. साध्या पेननं केलेली. मोठ्या डॉक्टरांनी तर काळ्या पेननं बाण काढला होता असं आई सांगते. म्हणजे बाण पुसला गेला आणि ही खूण दुसऱ्या कुणीतरी केली. वकीलबाईंचा संशय सकाळच्या नर्सवर आहे, तीच जाडसर, कडक. त्या आता तिचं नाव तक्रारीत घालणार आहेत. दवाखानाही खूश आहे, त्यांना कुणीतरी एक हवंच आहे. त्यांनी तिला आत्ताच घरी बसवलंय असं ऐकलं.

आईला फोटो दाखवला तर तिनं तो टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, ‘नर्सचं नाव नका घालू.’ का, तर म्हणे ‘तिलाही पोरंबाळं असतील.’ या बाईचं काय करायचं सांग.

तू सकाळपासून तिथं होतीस. नर्सला पेन घेऊन बघितलं असशील तर लिही. तुझ्या एका ओळीनं काम होईल.

— तुझी भाची


९ मे

बारके,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोन्हींत मी स्वतःला पास केलं होतं, म्हणून फाडली.

पोरीला आधी सांग, नर्सचं नाव घालू नका. तिनं काही केलेलं नाही. ती खूण माझी.

त्या सकाळी ती नर्स औषधी साबण देऊन गेली. ‘आंघोळ घाला, दोन्ही हात कोपरापर्यंत स्वच्छ करा.’ मला स्वच्छ म्हणायचा अवकाश, शाळेत मुलं मला मागून फिनेलबाई उगाच म्हणत नव्हती. तुला मोरीत स्टुलावर बसवलं. घरून आणलेला ब्रश घेतला. मनगटावर बाण होता. तो मला नीट आठवत नाही असं आधीच्या पत्रात लिहिलं होतं. आठवतो. त्याची शाई घामानं पसरली होती, कडेला डाग झाला होता. वाटलं, डॉक्टरांपुढं असा मळकट हात न्यायचा? म्हणतील, कुठल्या घरातली माणसं. नुसती कड पुसणार होते. साबणानं ती आणखी पसरली. मग घासलं. सगळं गेलं तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

नर्स दारापाशीच होती. हाक मारली असती तर आली असती. पण आदल्या दिवशी मी कपाटाखालून फडकं फिरवत होते तेव्हा तीच म्हणाली होती, ‘आजी, हे तुमचं काम नाही. गप बसा बघू एका जागी.’ पलीकडच्या खाटेवरची माणसं हसली होती. मला गप बस म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आता तिलाच बोलावून सांगायचं की आजीनं डॉक्टरांची खूण पुसली? 

म्हटलं, होती तशी परत करून ठेवावी. कोण विचारतंय? तुझी वेणी घालायची होती. तू खाटेवर पाठमोरी, गोळीनं पेंगत होतीस. पिशवीत लाल पेन होतं. बाण काढायला हात वळेना, म्हणून हाताला सवयीची होती ती खूण केली. तू विचारलंस, ‘काय करताय?’ मी म्हटलं, ‘काही नाही, सरळ बस.’

हात चुकला कसा, ते तुला सांगते. कवायतीच्या तासाला बाई मुलांकडे तोंड करून उभी राहते. तोंडानं म्हणायचं ‘डावा हात वर’ आणि स्वतःचा उजवा वर करायचा, म्हणजे पोरं बघून बरोबर करतात. तीस वर्षं मी हेच केलं. माझ्या डोक्यात डावा आला की अंग उजवीकडे जातं. तू माझ्यासमोर तोंड करून बसली असतीस तर खूण योग्य हातावर गेली असती. तू पाठमोरी होतीस. हे मी कारण म्हणून सांगत नाही. रोज आठवतं, म्हणून सांगते.

तुला बाहेर आणलं आणि उजव्या हाताला बँडेज दिसलं, तिथंच मला कळलं. मी काय केलं असेल? मोरीत गेले आणि ब्रश धुतला. चांगला पाच मिनिटं धुतला.

दोन दिवसांनी ‘शेजारीण आजारी आहे’ म्हणून निघून आले. शेजारीण ठणठणीत होती. तिनंच स्टेशनवरून मला घरी आणलं. ‘बाण आठवत नाही’ लिहिलं ते खोटं. पगार देते म्हटलं ती लाच होती.

माझ्या भावाच्या माघारी तुला मी सांभाळीन असं मी त्याच्या उशाशी बसून म्हटलं होतं.

आता तुला जे करायचं ते कर. जिथं सांगशील तिथं सही करीन. यापुढं मला पत्र लिहावंसं वाटलं नाही, तरी नर्सचं तेवढं बघ.

— वन्सं


१५ मे

वन्सं,

मला माहीत होतं.

तुम्हाला हे वाचून बरं वाटेल की वाईट, कळत नाही. पण आता तुम्ही सगळं सांगितल्यावर मी गप्प बसले तर मी माणूस नव्हे.

ऑपरेशनला भूल फक्त हाताला देणार होते. मी जागी होते. मोठे डॉक्टर आलेच नाहीत, एक तरुण डॉक्टर होता. त्यानं कागद उघडला नाही. माझा उजवा हात उचलला, मनगट बघितलं आणि विचारलं, ‘हाच ना?’

मी पाहिलं. लाल खूण, एक टोक लांब ओढलेलं, शेवटी जरा वर वळलेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती ओळखते. वाणसामानाच्या यादीवर, लेकीच्या वह्यांवर, माझ्या दुकानाच्या पहिल्या पाटीच्या मजकुरावरसुद्धा तुम्ही ती केली होती, आठवतं? तुमची खूण म्हणजे बघून झालेलं, तपासलेलं. मला वाटलं, मी पेंगत असताना वन्सं डॉक्टरांशी बोलल्या असतील. काहीतरी बदललं असेल. मनात एकदा आलं, की अहो, डावा ठरला होता ना? पण तुम्ही बरोबर म्हटलेल्याला मी कधी चूक म्हटलंय? आणि तो डॉक्टर घाईत होता. म्हटलं, उगाच कशाला.

मान हलवली. दवाखाना त्या बाबतीत खरं बोलतोय.

तक्रारीत ‘मला कुणी विचारलं नाही’ असं लिहिलं, ते तुम्हाला वाचवायला, असं मी स्वतःला सांगत आले. खुणेचं बोलायला लागले असते तर तुमचं नाव आलं असतं, हे खरं. पण सगळंच खरं नाही. पन्नाशीची बाई, हजारो लोकांची मापं घेतलेली, आणि आपला कुठला हात कापायचा हे तिला सांगता आलं नाही! हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? तुमच्या नावाआड मी माझी लाज ठेवली होती. तुमच्याकडून फक्त बाणाचा कागद मागितला, ‘सकाळचं लिहू नका’ म्हटलं, तेही त्यासाठीच. तुमचं झाकलं असतं तर माझंही झाकलं असतं. आणि तुम्ही सही करत नाही म्हटल्यावर तुमच्यावर रागावलेही. बघा म्हणजे.

नर्सची गोष्ट कळली तेव्हा मात्र मला झोप लागेना. तरी आठ दिवस गप्पच होते. तुम्ही आधी बोललात.

काल लेकीला दोन्ही गोष्टी सांगितल्या.  तिनं शिवणयंत्राचं झाकण आपटलं आणि म्हणाली, ‘तुम्ही दोघी! एकीला विचारायची लाज, दुसरीला सांगायची. आणि हात गेला तो गेला.’ संध्याकाळी माझ्या ताटातलं मला कालवून दिलं, पण स्वतःचं ताट घेऊन आत गेली.

आज वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, ‘बाई, मी केस लढवतेय आणि तुम्ही कबुलीजबाब देताय.’ मग नीट समजावलं. कागदावर डावा हात लिहिलाय, तो कुणी वाचला नाही. साध्या लाल पेननं केलेली असली खूण बघून कुणालाही शंका यायला हवी होती. मोठे डॉक्टर आलेच नाहीत. आणि नस कापली ती खुणेनं नाही कापली, त्या डॉक्टरनं कापली, हात कुठलाही असता तरी. त्यामुळे तक्रार उभी राहते. पण आपलं खोटं आपण दुरुस्त करून द्यायचं, आणि त्याची किंमत मोजावी लागेल. तुम्हाला आणि मला दोघींना उभं करतील. दवाखान्याचा वकील सोडणार नाही.

‘त्यांना यायला सांगू नका, नुसता कागद चालेल का ते बघू,’ असंही त्या म्हणाल्या. मी त्यांना थांबा म्हटलं, तुम्हाला विचारते म्हटलं.

याल का?

बारकी


२० मे

बारके,

येते. अकरा तारखेच्या गाडीनं, सुनावणीच्या आदल्या दिवशी. कानातलं यंत्र घालून येईन, नाहीतर तो वकील विचारेल एक आणि मी सांगेन दुसरंच.

तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं नाही. तू मला विचारलं नाहीस कारण मी तुला कधी विचारू दिलं नाही. एवढंच समजलं. जास्त लिहीत नाही.

राहायला तुझ्याकडे येऊ की लॉजवर जाऊ, ते कळव. पोरीला विचारून.

— वन्सं


२७ नोव्हेंबर

वन्सं,

निकालाचा कागद तुम्हाला वकीलबाईंनी पाठवला, तो पोचला हे तुमच्या पत्रावरून कळलं. मी उशिरा लिहितेय. एक तर हाताचं, आणि दुसरं, एक गोष्ट सांगू की नको हे ठरत नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी दवाखान्याचा वकील बोलायला उठला आणि तुम्ही कानातलं यंत्र काढून मुठीत धरलंत. तुम्हाला वाटलं कुणी बघितलं नाही. मी बघितलं. मला राग नाही आला. माझ्याकडे असतं तर मीही काढलं असतं. पण त्यामुळे तुम्ही जे ऐकलं नाहीत, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं असं वाटतं. लपवालपवी आता पुरे.

तो म्हणाला, ‘नणंदेनं भावजयीचा हात घालवला, भावजयीनं मान डोलावली, आणि आता दोघी मिळून दवाखान्यापुढं हात पसरतायत.’ मागच्या बाकांवर लोक हसले. तुम्ही समोर आयोगाच्या अध्यक्षांकडे बघत होतात, पाठ ताठ. त्यांनी खुणेनं सांगितलं तेव्हा तुम्ही यंत्र परत घातलंत आणि उभ्या राहिलात. पुढचं तुम्ही बोललात ते मला पाठ आहे. ‘मी पुसली. मी केली. विचारायची लाज वाटली. नर्सचा संबंध नाही.’ शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात. कुणी हसलं नाही.

ती नर्सही आली होती, तुम्ही ओळखलं नसेल, साध्या कपड्यांत होती. माझ्या मागंच बसली होती. तुमचं झाल्यावर ती शेजारच्या बाईला म्हणाली, ‘मला एक हाक मारायची होती आजींनी. डॉक्टरांना बोलावून परत बाण काढून घेतला असता. पाच मिनिटांचं काम.’ चिडून नाही म्हणाली. म्हणून जास्त लागलं. तिला कामावर परत घेतलंय, हे मात्र चांगलं झालं. लेकीनं चौकशी केली.

निकालात दवाखान्याचा आणि त्या दोन्ही डॉक्टरांचा दोष स्पष्ट लिहिलाय. आपलाही लिहिलाय. ‘तक्रारदाराच्या नातेवाइकाने खूण पुसून चुकीच्या हातावर केली व तक्रारदाराने ती मान्य केली, तसेच प्रथम असत्य कथन केले,’ म्हणून तिसरा हिस्सा कापला. लेक हे मोठ्यानं वाचत होती. ‘नातेवाइकाने’पाशी आल्यावर तिचा आवाज खाली गेला. मी म्हटलं, वाच सगळं.

आता तुमच्या पत्राचं. कापलेला हिस्सा तुम्ही भरून देणार म्हणताय. नको, वन्सं. तुम्हाला ते समजेल अशी आशा आहे. तक्रार केली तेव्हा पूर्ण रक्कम मागताना मला रात्रंदिवस चोरी केल्यासारखं वाटत होतं. ती पार्लरवाली हसली तेव्हा मीही हसून घेतलं होतं. परवा तिनं परत विचारलं, ‘मिळाले म्हणे!’ मी म्हटलं, ‘हो. आमच्या चुकीचे कापून मिळाले.’ ती वळून आपल्या गिऱ्हाइकाकडे गेली. उरलेले मी घेऊ शकते ते तेवढे कापले गेले म्हणूनच. तुम्ही ते भरून दिलेत तर मला परत खाली बघावं लागेल. आणि तुम्हालाही वाटेल की फिटलं. फिटू नये असं मला वाटतं. दुष्टपणानं नाही म्हणत. तो कापलेला हिस्सा आपल्या दोघींचा मिळून आहे, तसाच राहू दे.

दुकान मी बंद नाही केलं. मापं मी घेते, कापडावर खडूनं मी आखते, डाव्या हातानं. कापायला एक जण येते, पूर्वी कारखान्यात होती, हात चांगला आहे, फक्त बडबड फार. अंगठा आता यापुढं सुधारणार नाही असं सांगितलंय. ते ऐकून घरी आले आणि सगळ्या कात्र्या एका डब्यात भरल्या. मग एक बाहेर काढून ठेवली. का, ते माहीत नाही.

डाव्या मनगटाचं ऑपरेशन आता करायलाच हवं, मुंग्या कोपराच्या वर गेल्यात. दुसऱ्या दवाखान्यात, पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला. काल दाखवायला गेले होते. डॉक्टरीणबाई आहेत, तुमच्या-माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. कागद त्यांच्यासमोर होता, त्यात सगळं लिहिलेलं होतं. तरी त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत विचारलं, ‘कुठला हात?’

लेक तोंड उघडणार होती. मी तिच्या आधी ‘डावा’ म्हटलं. इतक्या मोठ्यानं म्हटलं की बाहेर रांगेत बसलेल्या माणसांनी दारातून आत डोकावून पाहिलं. खोटं कशाला सांगू वन्सं, लाज वाटली. कान गरम झाले. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, ‘परत एकदा सांगा.’

मी परत सांगितलं.

तुमची,
बारकी